बाजाराला घातलेलं कुलूप

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

अभ्या,

जयजिनेंद्र. इकडं सगळं ठीक. आमचे आण्णा अजून रोज शिरोलीच्या फाउंड्रीत जातात आणि घरी आल्यावर सगळ्यांवर ओरडतात, म्हणजे तब्येत उत्तम. तुझ्या आईचा, अक्काताईंचा, गुडघा कसा हाय? तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून हा कागद. फाडायचाच असला तर वाचून फाड.

आधी भांडतो, मग कामाचं लिहितो. 'पेठ' हा खेळ आपण दोघांनी बनवला. लोक ऑनलाइन यायचे, दुकान थाटायचे, बाजारात गप्पा ठोकायचे. वेगळं झालो तेव्हा खेळ माझ्याकडं राहिला, तू सही करून दिलास. मग सर्व्हरच्या फायली उचलून, हातकणंगल्यात बसून स्वतःची वेगळी पेठ चालवायचं काय कारण होतं? एका शब्दानं विचारायचंस की! लई राग आलता मला. अजून थोडा हाय.

मग मी फायलींना कुलूप घातलं. आण्णांचं बघून शिकलेलो. गिऱ्हाइकाचा साचा ते कुलपात ठेवतात, किल्ली एकच, ती कमरेला. दुसरी किल्ली केली की त्या साच्यावर भलत्याचाच माल ओतला जातो, असं त्यांचं म्हणणं. मीही तसंच केलं. फायली फक्त ऑफिसातल्या एका मशीनवर उघडतील, दुसरीकडं नेल्या तर नुसता कचरा. आमच्याकडं खेळणाऱ्यांचे फोन घेते ती स्नेहल म्हणाली, "सर, मशीन बिघडलं तर?" मी म्हटलं, "तू फोन घे."

गेल्या महिन्यात व्होल्टेज वाढलं आणि मशीन जळलं. किल्ली त्यातच. बॅकअप ढीगभर हाईत, उघडत एकही न्हाय. आपली सगळी पेठ गेली रे. आण्णांना अजून सांगितलेलं न्हाय.

तुझी पेठ तर त्याच्याही आधी गेली. ज्या कंपनीकडं तू सर्व्हर भाड्यानं घेतलतास, तिच्याकडं मी तक्रार केली आणि त्यांनी सगळं पुसून टाकलं. हे तुला माहीत हाय.

तुला माहीत न्हाय ते आता लिहितो. तक्रारीला पुरावा लागतो. म्हणून खोट्या नावानं मी तुझ्या पेठेत गेलतो. वाटलं, अभ्यानं मोठा धंदा मांडला असणार. बघतो तर रस्त्यात चिटपाखरू न्हाय. एकच दुकान उघडं, चुरमुऱ्यांचं, आणि पायरीवर चार बायका बोलत बसलेल्या. मला बघून दुकानदारीण म्हणाली, म्हणजे तशी अक्षरं उमटली, "पावणं, दिवस मावळायला आला. आधी जेवून घ्या, मग बाजार हिंडा." आणि हातात भाकरी दिली.

लहानपणी तुमच्याकडं खेळायला यायचो, तेव्हा हेच ऐकून पाटावर बसलोय मी. तुमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, आणि अक्काताई मलाही उपाशी सोडायच्या न्हाईत. मी ओळखलं, अभ्या. त्यांना घराबाहेर पडता येत न्हाय, म्हणून तू बाजार घरात आणून दिलायस, हेही तिथंच कळलं. तरी मी त्या भाकरीसकट स्क्रीनचा फोटो काढला आणि तोच तक्रारीला जोडला.

परवा ऑफिसात फोन आला. तू उचललेल्या खेळाच्या पहिल्या पानावरही आमचाच नंबर होता न्हवं. स्नेहलनं स्पीकर लावला. "बाळ, माझं दुकान दिसंना झालंय. माझ्या हातनं काय चुकीचं दाबलं गेलं काय, तेवढं बघा की." आवाज अक्काताईंचा, आणि मी समोरच बसलेलो. उठून बाहेर गेलो. लाज वाटली, दुसरं काय.

तुला जुन्या हार्डडिस्क जपून ठेवायची खोड हाय. कुलपाच्या आधीच्या फायली कुठं सापडल्या तर पेठ परत चालू कर. परवानगी सही करून सोबत ठेवलीय. मला काय नको, नावसुद्धा नको. आणि न्हाय सापडल्या, तर अक्काताईंना माझं नाव घेऊन खरं सांग. पण त्यांच्या हातनं काय चुकलेलं न्हाय, हे आधी सांग. आजच सांग.

पेठ उघडली तरी मी येणार न्हाय. त्या परत जेवायला बसवतील.

तुमच्या घरचं खाल्लेला,
मृत्युंजय