सोडून जाण्याची मुभा

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
१२ फेब्रुवारी २००६

ती. मावशीस,
उत्तराचा साष्टांग नमस्कार, आणि गुडघ्याची चौकशी.

फोन असताना मी पत्रं का लिहिते, असं यतीन विचारतो. त्याला सांगितलं, फोनवर मावशी फक्त ऐकू येतंय का एवढंच विचारते. खरी बोलते ती कागदावर.

बातमी अशी की मला काम मिळालं. पगार नाही, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला पगार घ्यायची परवानगी नसते. पण छातीवर माझ्या नावाचा बिल्ला आहे! या देशात पहिल्यांदाच कोणी मला यतीनची बायको किंवा ज्ञानदाची आई न म्हणता उत्तरा म्हणतंय. म्हणजे 'उटारा' म्हणतंय, पण तेवढं चालतं.

घरापासून अर्ध्या तासावर हॉलोवे हाऊस आहे. पांढरे खांब, लांबरुंद व्हरांडा, मागे पूर्वी तंबाखूची शेती. दीडशे वर्षांमागे इथली दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटून निघाली, लढली आणि हरली. हे घर ज्यांचं ते कर्नल हॉलोवे दक्षिणेच्या बाजूने लढले. आता तिथे म्युझियम आहे. शनिवारी आलेल्या लोकांना घर दाखवायचं, हे माझं काम.

पाठांतराची शाळेतली सवय जात नाही. इंग्रजी माहिती आधी मराठीत उतरवली, मगच डोक्यात बसली. सोबत पाठवते, लाल पेन काढ. दारापुढच्या पितळी पाटीचं भाषांतर असं केलंय: 'कर्नल हॉलोवे, त्यांचे कुटुंब आणि त्यांचे इमानी गडी व मोलकरणी यांचे हे घर. दक्षिणेच्या न्याय्य लढ्यात या घराने सर्वस्व दिले.' इंग्रजीत 'सर्व्हंट्स' आहे. गुलाम शेतावर असत आणि घरात नोकर, असं मी समजते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. काल मी लोकांना मोठ्या आपुलकीने सांगितलं, की आमच्याही घरी कामाच्या बाई असत आणि त्या घरच्यासारख्याच होऊन जात. गटात एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई होत्या, अर्नेस्टीन पेटिफर्ड. निवृत्त शिक्षिका, तुझ्याइतक्याच ताठ. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमच्या त्या बाई संध्याकाळी आपल्या घरी जात का? मी म्हटलं, जातच. त्या हसल्या आणि पुढच्या खोलीत निघून गेल्या. माझं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाही.

आहे तो लोभ पुरतो, तरी थोडा वरकड पाठवावा.

तुझी,
उत्तरा


सांगली
४ मार्च २००६

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद, आणि शुद्धलेखनाला दहापैकी सात.

अक्षर वेडंवाकडं आलं तर दोष मनगटाचा. रुपाली काम सोडून गेली. मी एवढंच म्हटलं होतं, की कढईच्या कानाला कालचं तेल तसंच आहे. तिने कढई खाली ठेवली, हात धुतले, चपला घातल्या, दुसरी बघा म्हणाली आणि गेली. आता समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे लागली आहे. खिडकीतून ऐकू येतं, तिथे ती गाणी म्हणत भांडी घासते. माझ्याकडे कधी म्हटली नाहीत, सटवी!

तर भांडी मी घासते, आणि घासता घासता तुझं भाषांतर डोक्यात फिरतं. मला एवढंच सांग, की त्या हॉलोवेंकडच्या एखाद्या बाईला मालकिणीशी भांडून समोरच्या घरी कामाला लागता येत होतं का? येत असेल तर तुझं भाषांतर बरोबर. येत नसेल तर शब्द चुकला, तुझाही आणि पाटीचाही. मोलकरीण सोडून जाऊ शकते, माझ्या मनगटाला विचार. जिला जाता येत नाही तिला मराठीत बटीक म्हणतात.

हा शब्द लिहिला आणि पेन अडलं. तू शाळेतून येऊन दप्तर भिरकावायचीस आणि पाणी मागायचीस, तेव्हा मी काय म्हणायचे आठवतं? मी काय तुझी बटीक आहे का! माझी आईही हेच म्हणायची. पेशवाईत आपल्याकडे बायका विकत घेतल्या जात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. शब्द तेवढा आपल्या स्वयंपाकघरात उरला. त्या बायकांचं काय झालं, हे कधी मनात आलं नाही. त्यांची पाटी तर कुठेच नाही गं, खोटीसुद्धा नाही.

त्या अर्नेस्टीनबाईंना पुन्हा भेट. शिक्षिका उगाच प्रश्न विचारत नसतात.

ज्ञानदाला पापा. माझ्यावर राग धरायचा असेल तर पत्रातून धरावा, म्हणजे उत्तर तरी येईल.

तुझी,
सुहासिनीमावशी


मॉरिसव्हिल
२६ मार्च २००६

ती. मावशीस,
नमस्कार, आणि मनगटाला इथूनच मलम.

तुझं पत्र पोस्टाच्या पेटीपाशीच वाचलं आणि तिथेच उभी राहिले. मग म्युझियमच्या संचालकांना विचारलं. ते सहज म्हणाले, की अर्थातच गुलाम, शेतावरचे आणि घरातलेही. सेवक म्हणायची जुनी रीत आहे, ऐकायला बरं वाटतं. कोणाला बरं वाटतं, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

अर्नेस्टीनबाईंना चर्चमध्ये गाठलं. त्यांची पणजी विनी त्याच घरामागच्या स्वयंपाकघरात जन्मली. वयात येते न येते तोच मालकाच्या मुलीच्या लग्नात तिला दुसऱ्या गावी देऊन टाकलं. पलंग, आरसा आणि विनी. बाई मला समजावून सांगायला लागल्या, पण गरजच नव्हती. आपल्याकडे त्याला शब्द आहे, आंदण. मला तो मराठीत एका क्षणात कळला आणि इंग्रजीत त्यांना सांगता येईना. त्यांनी माझा हात धरला, एवढंच.

आता रस्ता रुंद व्हायचाय म्हणून ती पाटी काढावी लागणार. नव्या जागी नवी पाटी, पण मजकूर जुनाच, असं म्युझियमच्या समितीचं म्हणणं. अर्नेस्टीनबाई वर्षानुवर्षं भांडतायत. मे महिन्यात काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, जाहीर सभा आहे, तिथे निकाल.

समितीच्या अध्यक्ष मिसेस थॉर्नटन वाईट बाई नाहीत. पहिल्या दिवशी माझ्यासाठी त्यांनी घरी केलेला पीकान पाय, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याचा गोड पदार्थ, आणला होता. त्यांच्या आजीने दारोदार वर्गणी मागून ही पाटी उभी केली, घरातली दोन मुलं त्या लढाईत गेली होती. त्या म्हणाल्या, आमच्या मेलेल्या माणसांसाठी रडायचीही चोरी आहे का? मग तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, की टूरमध्ये कागदावर आहे तेच बोलावं, नाहीतर बिल्ला परत करावा. आणि पाहुण्यांनी सभेत न बोललेलं बरं.

यतीन म्हणतो, आपलं ग्रीन कार्ड अडकलंय, कशाला लोकांच्या भांडणात पडतेस यार. ज्ञानदा त्याला म्हणाली, बाबा, दॅट्स सो लेम, म्हणजे किती पुळचट. मी दोघांच्या मध्ये, हातात बिल्ला. मावशी, इथे माझ्या नावाचं तेवढंच काही आहे. तो द्यायचा जीव होत नाही, आणि तो लावून सेवक म्हणायला जीभ वळत नाही.

काय करू ते लिही. लोभ नको, या वेळी सल्लाच हवा.

उत्तरा


सांगली
१५ एप्रिल २००६

चि. उत्तरास आशीर्वाद.

सल्ला देत नाही, परवानगी देते. बोलायची भीती वाटली तर माझं नाव पुढे कर. सांग, की सांगलीला एक म्हातारी भांडी घासतेय आणि का घासतेय. रुपाली अजून आलेली नाही. बिल्ल्याचं म्हणशील तर मी तुला बारा दिवसांची असताना उत्तरा म्हणून हाक मारली, तेव्हा तुझ्या दुपट्याला काही टोचलेलं नव्हतं.

घाईत आहे, दूध वर आलंय.

मावशी


मॉरिसव्हिल
२१ मे २००६

ती. मावशीस,
नमस्कार, नमस्कार, नमस्कार!

जिंकलो. आता नीट सांगते.

सभागृह भरलं होतं. एका बाजूला दक्षिणेच्या जुन्या झेंड्याचे टाय लावलेली मंडळी, दुसऱ्या बाजूला अर्नेस्टीनबाईंचं अख्खं चर्च, बायका ठेवणीतल्या टोप्या घालून. एक गृहस्थ म्हणाले, लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती. अर्नेस्टीनबाईंनी विचारलं, कसला हक्क, ते वाक्य तेवढं पुरं करा. पुरं केलं तर 'गुलाम ठेवण्याचा हक्क' असं होतं, म्हणून ते खाली बसले. मिसेस थॉर्नटन आजीबद्दल बोलता बोलता रडल्या आणि मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग अर्नेस्टीनबाईंनी विनीची गोष्ट सांगितली आणि तिचं नाव पाटीवर मागितलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत.

मग माझं नाव पुकारलं. उटारा. मी आधी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. लिहून नेलेलं सगळं विसरले आणि तोंडातून निघालं ते हे, की माझ्या मावशीच्या घरची नोकर रुपाली मावशीशी भांडून काम सोडून गेली, आता समोरच्या घरी गाणी म्हणत भांडी घासते, आणि माझी मावशी स्वतः घासते. सगळं सभागृह हसलं, मिसेस थॉर्नटनसुद्धा. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, नोकर म्हणजे हे. हॉलोवे हाऊसमधल्या एका माणसाला तरी असं जाता येत होतं, असं कोणी दाखवून दिलं, तर पाटी आहे तशी राहू द्या. मग थांबले. शेवटच्या रांगेत टाळी वाजली. यतीन! ऑफिसातून गुपचूप निघून आला होता, वेडा.

काउंटीच्या मंडळाने हात वर केले, पाचास दोन. नवा मजकूर अर्नेस्टीनबाई लिहिणार. मिसेस थॉर्नटन उठून म्हणाल्या, की आजीची पाटी निदान वितळवू नका. त्याला अनुमोदन दिलं कोणी, तर अर्नेस्टीनबाईंनी. म्हणाल्या, आत लावा, कोणी लावली, कधी लावली, काय झाकलं, ते खाली लिहा, मुलांना कळू दे. मिसेस थॉर्नटन त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पीकान पाय मात्र त्यानंतर आलेला नाही.

बाहेर अर्नेस्टीनबाईंनी बिल्ला स्वतःच्या हाताने माझ्या साडीला लावला आणि टोमणाही मारला. म्हणाल्या, अकरा वर्षं हेच सांगतेय तेव्हा मला कोणी दोन मिनिटं दिली नाहीत, आणि तुझ्या मावशीच्या भांड्यांना लगेच दिली. टोमणा खरा आहे, मावशी. तो मी आनंदाशेजारीच ठेवलाय.

तुझा लोभ त्या दिवशी सभागृहभर होता, तसाच राहू दे.

उत्तरा


मॉरिसव्हिल
१५ ऑक्टोबर २००६

ती. मावशीस नमस्कार.

फोटो पाठवतेय. पाटीवरची झळाळी उन्हाची आहे, मजकूर दिसत नाही म्हणून इथे मराठीत देते. लाल पेन लागणार नाही.

'येथे हॉलोवे कुटुंब राहिले. त्यांनी गुलाम केलेली माणसे येथे जन्मली, राबली आणि विकली गेली. त्यांना हे घर सोडून जाण्याची मुभा नव्हती. हीच मुभा त्यांना कधी मिळू नये म्हणून झालेल्या युद्धात कर्नल हॉलोवे लढले. विनी, सायरस, पेशन्स, डॉल, आणि ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ते सर्व.'

चर्चच्या बायका गायल्या. मग पहिली टूर माझी. अर्नेस्टीनबाई सगळ्यांत पुढे, आणि स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी मुद्दाम तोच प्रश्न विचारला, इथल्या बायका संध्याकाळी आपल्या घरी जात का? मी सांगितलं, नाही, जाऊ देत नसत. विनीला तर इथून आंदण म्हणून दिलं. हो, मराठीतच म्हटलं, आणि मग अर्थ सांगितला. बाईंनी तो शब्द दोनदा घोकला, चांगल्या विद्यार्थिनीसारखा.

आता तुझ्या भांड्यांचं काय, ते कळव.

तुझी,
उत्तरा


सांगली
९ नोव्हेंबर २००६

चि. उत्तरास आशीर्वाद, आणि दहापैकी दहा.

फोटो देवघराशेजारी लावला आहे. देवांनी हरकत घेतलेली नाही.

रुपाली परत आली. दिवाळीआधी डॉक्टरीणबाईंशी वाजलं तिचं. मी काही बोलायच्या आत तिनेच अटी घातल्या, की रविवारी सुट्टी आणि कढईवरून बोलायचं नाही. मी मान्य केलं. मनगटापुढे कसला मान!

काल पाहुणे जेवून गेले. तिने सगळं आवरलं आणि खोचलेला पदर सोडला, तेवढ्यात मी माळ्यावरची पितळेची सगळी भांडी काढून तिच्यापुढे मांडली, की आता हीही चकचकीत कर. तिने कमरेवर हात ठेवले आणि मोठ्याने विचारलं, मी काय तुमची बटीक आहे का?

उत्तरा, मला इतकं हसू आलं की मी पाटावरच बसले. ती घाबरली, म्हातारीला काही झालं की काय. मग तिला हाताला धरून देवघरापाशी नेलं, फोटो दाखवला आणि सांगितलं, नाहीस गं बाई, नाहीस, आणि तसा अमेरिकेत ठराव झालाय, तुझ्याच नावावर.

तिने पाटी नीट बघितली, हे नीट पुसलेलं दिसतंय म्हणाली, चपला घातल्या आणि घरी गेली.

पितळ मी घासतेय. लोभ ठेव, राख संपली.

तुझी,
मावशी