एका कुलपाच्या दोन किल्ल्या

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता हं हं करतो आणि ठेवला की सगळं विसरतो, म्हणून तू मला लिहायला बसवलंस. शाळेत असताना असंच कान धरून निबंधाला बसवायचीस. आता निबंधाचा विषय खटला आहे.

जामीन झाल्याचं ऐकून तू सुटलास एकदाचा, म्हणालीस. ताई, मी सुटलोबिटलो काही नाही. जामिनाच्या अटी ऐक. शहराची हद्द ओलांडायची नाही, म्हणजे तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी येऊ शकत नाही. दर सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन सही करायची. आणि साक्षीदाराशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधायचा नाही. हा साक्षीदार म्हणजे आपला जाड्या. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात इतकी वर्षं माझा जोडीदार, आणि माझ्या निष्काळजीपणाने लिफ्टखाली त्याचा पाय गेला, असा आरोप. घर माझ्या दारासमोर. मधे फक्त दोन पायपुसणी.

आता सकाळी दार उघडण्याआधी मी भिंगातून बघतो. त्याच्या कुबड्यांचा आवाज आला की थांबतो, लिफ्टचं दार लागल्यावर बाहेर पडतो आणि जिन्याने उतरतो. लिफ्टमध्ये गाठ पडली तर संपर्क व्हायचा. लिफ्टचा मिस्त्री जिन्याने चढतो-उतरतो, हे बघून खालच्या मजल्यावरची मुलं हसतात.

मला हे कोर्टाचे शब्दच कळत नाहीत. कागदावर 'सरकार विरुद्ध' असं लिहून पुढे माझं नाव आहे. मी सरकारचं काय घोडं मारलंय? तू सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून काढलीस, तूच सांग.

लोभ आहे तेवढा राहू दे, सध्या त्याच्यावरच चाललंय.
तुझा,
खिळ्या

११ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पाय. लहानपणी खिशात खिळे भरून हिंडायचास, तेव्हापासून हाताला वळण म्हणून नाही.

आता नीट वाच, आणि भिंतीला चिकटव हवं तर. तू आरोपी आहेस, गुन्हेगार नाहीस. आरोपी म्हणजे ज्याच्यावर कोणीतरी बोट दाखवलंय तो. शाबीत होईपर्यंत कोर्टाच्या लेखी तू तुझ्या ताईइतकाच सज्जन. ज्याने बोट दाखवलं तो फिर्यादी, म्हणजे अपघात झाला त्या इमारतीचा व्यवस्थापक. पण फौजदारी खटला फिर्यादी चालवत नाही. गुन्हा सगळ्यांच्या विरुद्ध झाला असं धरून सरकार चालवतं, म्हणून 'सरकार विरुद्ध तू'. जाड्याने पायाच्या भरपाईसाठी इमारतीच्या मालकावर लावलाय तो दिवाणी दावा. तिथे शिक्षा नसते. दावा लावणारा वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. म्हणजे एकाच अपघाताचे दोन खटले, आणि जाड्या एकात साक्षीदार, दुसऱ्यात वादी. त्याचीही ओढाताण कमी नाही, हे लक्षात ठेव.

आता मला एक सांग. तुमच्या धंद्याची रीत तूच मला रंगवून सांगितली होतीस. माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी वरच्या मशीनरूममधला मुख्य स्विच बंद करतो, त्यावर स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो, म्हणजे मागून कोणी वीज चालू करू शकत नाही. तुझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेलं कुलूप तू मला कौतुकाने दाखवलंही होतंस. मग जाड्या खड्ड्यात असताना लिफ्ट खाली आलीच कशी? तुझ्या जबाबात कुलपाचा शब्द नाही. का नाही?

माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस. तो तुझ्याहून शहाणा आहे, सांगितलेलं ऐकतो.
माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तारखेला गेलो होतो. दिवसभर बाकावर बसून पाठ मोडली आणि शेवटी शिपायाने ओरडून सांगितलं, तहकूब. वकीलबाई म्हणाल्या, म्हणजे पुढे ढकललं. एवढं ऐकायला मी सबंध दिवस कोंडून घेतलं होतं. घरी आलो तर घरही कोंडल्यासारखंच. परवाना अडकवून ठेवल्याने काम नाही. हातांना सवय नाही गं रिकामं राहायची. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालंय, आता बायको मला हाकलते.

व्यवस्थापक भेटला होता. गोड बोलत होता. म्हणाला, गुन्हा कबूल कर, पहिलाच आहे, न्यायाधीश दंडावर सोडतील, कशाला वर्षानुवर्षं खेटे घालतोस. मला पटलंय. पुढच्या तारखेला कबूल करून टाकतो. निदान सोमवारची सही सुटेल, समोरचं दार वाजवता येईल.

कुलपाचं म्हणशील तर ते राहू दे.
माझ्यावर रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा,
खिळ्या

७ मार्च

चि. खिळ्यास,
आशीर्वाद, पण रागाने.

कबुली म्हणजे घरी फुलदाणी फोडल्यावर माझ्यापुढे मान खाली घालायचास ते नव्हे. कोर्टात हो म्हणालास की पुरावा नको, साक्ष नको, थेट शिक्षा. दंडच होईल असं लिहून दिलंय का त्या व्यवस्थापकाने? तुरुंगही होऊ शकतो. आणि दंडावर सुटलास तरी 'आरोपी' हा शब्द पुसून तिथे 'दोषी' येईल. दोषी मिस्त्रीला परत परवाना कोण देणार? फौजदारी खटला अंगावर असताना गोड बोलणारा माणूस कोणासाठी बोलतोय, एवढं तरी स्वतःला विचार.

कुलूप राहू दे म्हणतोस. मी राहू देणार नाही. अपघातानंतर पोलिसांनी मशीनरूममधून ज्या वस्तू उचलल्या, त्यांना मुद्देमाल म्हणतात. तो कोर्टाच्या ताब्यात असतो आणि तुझी वकील तो न्यायाधीशांपुढे आणायला सांगू शकते. तिला म्हणावं, त्यात कुलूप आहे का बघा.

जेवत जा. तुझी बायको फोनवर रडली.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुलूप सापडलं. लाल ठिपक्याचं. दांडी कटरने कापलेली. व्यवस्थापकाचं म्हणणं, ते गच्चीच्या दाराचं जुनं भंगार आहे.

तुझ्यापासून लपवून काय उपयोग. त्या दिवशी कुलूप घातलं होतं, ताई. मी घातलं, जाड्या खड्ड्यात उतरला, मी तिसऱ्या मजल्यावर दाराच्या खाचा साफ करत होतो. लिफ्ट बंद म्हणून भाडेकरू व्यवस्थापकाच्या डोक्यावर बसले, आणि त्याने कुलूप कापून स्विच चालू केला. जाड्याची किंकाळी ऐकून मी धावलो, खड्ड्यात उडी मारली, त्या गडबडीत माझी किल्ली तेलात कुठेतरी गेली. ती काही मिळाली नाही.

तू विचारशील, मग बोलत का नाहीस. रीत अशी आहे की प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं. दोघं कामावर तर स्विचवर दोन कुलपं. आणि आम्ही दोघं मिळून एकच वापरायचो. जाड्याचं कुलूप फार वर्षांपूर्वी हरवलं, तेव्हा नवीन घेण्याऐवजी माझ्याच कुलपाची दुसरी किल्ली करून त्याला दिली. आम्हाला त्यात मोठी मैत्री वाटायची. मी कुलपाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येणार, खड्ड्यात उतरलेल्या माणसाचं कुलूप कुठे होतं? मालकाचा वकील म्हणणार, यानेच निष्काळजीपणा केला, भरपाई कशाची? त्याचा पाय गुडघ्याखाली नाही, ताई. तो परत शिडी चढणार नाही. त्याच्या तोंडचं मी काढून घेऊ?

जाड्याने पोलिसांना सांगितलंय, कुलपाचं आठवत नाही. व्यवस्थापक हॉस्पिटलात त्याच्याकडेही गेला होता म्हणे. कुलपाचं नाव काढू नकोस, दाव्यात लगेच तडजोड करू, असं बोलून आला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. खूप वाटलं. पण त्याच्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही.
तुझा,
खिळ्या

२६ मार्च

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रातला राग मागे घेते. एका स्विचवर दोघांनी एक कुलूप घालणं हा शुद्ध गाढवपणा आहे आणि तो तुम्ही दोघंच करू शकता. पण तुला ओरडायला मला आता जीव होत नाही.

कायद्याचं तेवढं सांगते. स्वतःचीही थोडी चूक असली म्हणून वादीचा दावा बुडतोच असं नाही. भरपाई कमी होते, नाहीशी होत नाही. किती कमी होईल हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. दुसरं, पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो. कोर्टातली साक्ष शपथेवर असते. तिथे आधी सरकारी वकील विचारतो, ती सरतपासणी. मग तुझी वकील विचारेल, ती उलटतपासणी. तिला कुलूप दाखवून ओळखतोस का एवढं विचारू दे. दुसऱ्या किल्लीचं तुला बोलायचं नसेल तर मी तुला भाग पाडणार नाही. कबुली मात्र देऊ नकोस. माझं एवढं ऐक.

ऑपरेशन झालं. तू नव्हतास म्हणून मी फार भित्री झाले होते, हे कोणाला सांगू नकोस.
जपून राहा.
तुझी,
ताई

१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रात्री फोनवर सगळं मागचं पुढे झालं, म्हणून लिहितो. तू म्हणतेस तसं क्रमाने.

कबूल नाही म्हणालो होतो, ते तुला माहीत आहे. त्यानंतर तहकूब, तहकूब करत काल जाड्याची साक्ष निघाली. कुबड्या टेकत पिंजऱ्यात चढला. त्याने शपथ घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बूट बघत बसलो, नजरेनेही संपर्क होतो की काय कोण जाणे. सरकारी वकिलाने विचारलं, कुलपाचं काही आठवतं का. त्याने सांगितलं, आठवत नाही. मागच्या बाकावर व्यवस्थापक पाय पसरून बसला होता.

मग वकीलबाई उठल्या. त्यांनी कुलूप मागवून त्याच्या हातात दिलं आणि हे ओळखता का म्हणून विचारलं. किल्लीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. जाड्याने ते कुलूप उलटंसुलटं केलं, लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. मला वाटलं, आता परत नाही म्हणेल, आणि खरं सांगतो, म्हणावं असंच मला वाटत होतं.

त्याने शर्टाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि फिरवली. कापलेल्या दांडीचा उरलेला तुकडा टक करून वर आला. त्याने न्यायाधीशांना सांगितलं, साहेब, हे बंदच होतं, ते बंद असताना कोणीतरी कापलंय. कुलूप आमच्या दोघांचं होतं, आणि माझं वेगळं असायला हवं होतं ते मी घातलं नव्हतं. सरकारी वकिलाने त्याला फितूर ठरवायची परवानगी मागितली. मालकाचा वकील मागे बसून भराभरा लिहून घेत होता. तडजोड काल दुपारीच मोडली, असं वकीलबाईंकडून कळलं.

आता व्यवस्थापकाला परत बोलावणार आहेत. वकीलबाई म्हणतात, आशा आहे, पण निकाल लागेपर्यंत सगळ्या अटी कायम. सही कायम, हद्द कायम, संपर्क बंद. मी जाड्याला एक शब्द बोलू शकलो नाही, ताई. त्याने पायाचे पैसे माझ्यासाठी पणाला लावले आणि मी जिन्याने घरी आलो.

संध्याकाळी त्याचं दार उघडं होतं. दारात खुर्ची टाकून तो बसला होता, कुबड्या भिंतीला. मी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग मीही दार उघडलं आणि खुर्ची टाकली. बायकोने मला चहा दिला, त्याच्या बायकोने त्याला दिला. मधे दोन पायपुसणी. मी त्याच्याशी बोललो नाही, तो माझ्याशी बोलला नाही, कोणी हातवारेही केले नाहीत. चहा मात्र दोघांनी एकदमच संपवला.

तुझ्या जुन्या पुस्तकांत बघून एवढं कळव. याला संपर्क म्हणतात का? म्हणत असतील तर उत्तर जरा सावकाश पाठव. उद्याही बसायचं आहे.

तुझा लोभ हीच माझी हमी.
खिळ्या