वळणावरचा गडगा

मी, विमला शांताराम धुरी, वय ५८, निवृत्त शिक्षिका, राहणार धामापूर, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि कोणाला खूश करण्याचेही आता कारण उरलेले नाही. मी लग्न केले नाही. जवळचे म्हणावे असे थोरला भाऊ भाई (कागदोपत्री सदाशिव), त्याची पत्नी सुभद्रा आणि मुलगी चारुता. मुलगा निहार होता.

१. तळ्याकडच्या रस्त्यावरचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते चारुताला द्यावे. त्यावर भाईचा हक्क नाही, माझ्यानंतर त्याने तिथे सुपारी वाळत घालू नये.

२. बँकेतली ठेवही चारुताला. तिने त्यातून प्रथम हेल्मेट घ्यावे, नंतर स्वतःची गाडी. क्रम बदलू नये.

३. माझी मोटारसायकल भंगारात द्यावी. पुढचा फोर्क वाकलेला आहे. कोणी दुरुस्त करून वापरू म्हणाले तरी देऊ नये.

ही गाडी मी बेचाळिसाव्या वर्षी घेतली. शाळा लांब होती आणि एसटी तिच्या मर्जीने येई. शिकवले भाईने. देवळामागच्या कापणी झालेल्या मळ्यात तो आठ दिवस संध्याकाळी माझ्यामागे धावला. मी चाकाकडे बघत राही आणि पडे. तो म्हणाला, "फुडच्या चाकाकडे बघू नको गो. जंय जावचा आसा थंय बघ." आम्ही भावंडे एकमेकांशी नीट बोललो ते ते शेवटचे आठ दिवस.

४. माझे सहशिक्षक देवेश यांना गाडीचे दोन आरसे. त्यांनी आपल्या गाडीचे आरसे शोभत नाहीत म्हणून काढून ठेवले होते आणि मला स्टाफरूममध्ये विचारले होते की बाईंना आरसे लागतात ते मागची गाडी बघायला की तोंड. मागून काय येते ते पाहण्याची सवय त्यांनी आता लावून घ्यावी.

५. पुस्तके शाळेला. कज्ज्यासाठी घेतलेली कायद्याची पुस्तके वगळावीत. ती न्हाणीच्या चुलीत घालावीत.

६. आता कज्ज्याविषयी. २०११ साली वडील वारले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाईने हक्कसोडपत्र पुढे ठेवले. माझे नाव, वय, "स्वखुशीने" हा शब्द, सगळे आधीच टाइप केलेले होते. आमच्याकडे बहिणी अशी सही करतात आणि चहा पिऊन जातात. त्याने विचारले असते तर मीही केली असती. मी वाटपाचा दावा लावला. त्याने कुडाळ रस्त्याच्या वळणावर, मला हवा होता त्या तुकड्याला, पुरुषभर उंच चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला. मी कोर्टातून "जैसे थे"चा हुकूम आणला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या गडग्याचा एक चिराही कोणी हलवायचा नाही. त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

७. निहार अठरा वर्षांचा झाला तेव्हा बापाला न सांगता माझ्याकडे गाडी शिकायला आला. मी त्याला क्लच, गिअर, दोन्ही ब्रेक एकत्र दाबणे शिकवले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावल्याशिवाय चावी दिली नाही. वळणापलीकडे जे दिसत नाही ते तिथे आहे असे धरून चालायचे, हे त्याच्याकडून रोज वदवून घेतले. वर्षभरात त्याचा हात बसला. मग मीच त्याला गाडी कॉलेजला न्यायला दिली.

सुभद्रावहिनी एकदा माझ्याकडे आली. निहार रोज त्या वळणावरून जातो, गडग्यामुळे समोरचे काही दिसत नाही, तेवढा कोपरा कंबरेइतका करूया. भाई तयार आहे, फक्त कोर्टात माझी संमती पाहिजे, असे म्हणाली. मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, संमती दिली तर गडगा त्याचा असल्याचे कबूल केल्यासारखे होईल. मी दिली नाही.

जून २०२२ मध्ये चिऱ्यांनी भरलेला टेम्पो वळण कापून आला. हेल्मेट डोक्यावर होते, पट्टा लावलेला होता, असे पंचनाम्यात आहे. हेल्मेटवर ओरखडाही नव्हता. मार छातीला लागला होता.

बाराव्यानंतर मी भाईकडे गेले आणि संमती देते म्हणाले. तो ओटीवरून उठला नाही. "आता ऱ्हवांदे तो," म्हणाला. "येता जाता तुका दिसाक होयो." अडीच वर्षे मी तो पाहते आहे. तोही पाहतो.

८. गेल्या महिन्यात चारुताने शिकाऊ परवाना काढला. मला म्हणाली, आते, तू शिकव. मी नाही म्हणाले. मला जे शिकवता येते ते सगळे निहारला येत होते.

९. म्हणून वाटपाचा दावा मागे घेण्याचा अर्ज मी आज सकाळी कोर्टात दिला आहे. हक्कसोडपत्रावरही सही केली आहे. वळणावरचा तुकडा धरून सगळी जमीन भाईची. दाव्याबरोबर "जैसे थे"चा हुकूमही संपेल. या दोन गोष्टी माझ्या मरणावर ठेवल्या नाहीत, कारण चारुता मैत्रिणीकडे शिकली आणि सोमवारपासून तिचीच गाडी चालवत कॉलेजला जाणार आहे. गडगा पाडावा अशी अट मी घालू शकले असते. घातलेली नाही. अटीवर तो अडून बसेल, आणि मग मीही.

१०. सही करण्याआधी साक्षीदार म्हणून सुभद्रावहिनीने हे सर्व वाचले. तिने विचारले, "आणि ह्येंनी नाय म्हटल्यानी तर?" मी म्हणाले, याला माझ्याजवळ कलम नाही. तिने पेन उघडले. म्हणाली, "मगे मी पाडतलंय. माझो झील, माझो निहार, थंय गेलो. माका कोणाक इचारूक नको." तिच्या सांगण्यावरून हे शेवटचे कलम लिहिले आहे.

सर्व मजकूर वाचून, खाडाखोड नसल्याची खात्री करून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

विमला शांताराम धुरी

साक्षीदार:
१. डॉ. दीपिका सामंत, कुडाळ
२. सुभद्रा सदाशिव धुरी, धामापूर

ठिकाण: धामापूर
दिनांक: ५ डिसेंबर २०२४, गुरुवार