थंड अग्नी आणि आईचं विरजण

रत्नागिरी, मंगळवार

तीर्थस्वरूप कमलाताईस,

धाकट्या भावाचा एका पायावर उभं राहून नमस्कार. (दुसरा डॉक्टरांच्या ताब्यात आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? गुहागरला सुपारी उतरवून झाली का?

माझा अंगठा वाचला. मधुमेहाने चिघळलेली जखम चार महिने भरेना, तेव्हा अंगठा कापायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात वरद डॉक्टर होऊन गावात परतला. आठवतो ना? 'अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे' हे चुकीच्या अनुमानाचं आमच्या न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण. ते तर्काच्या पेपरात बरोबर ठरवल्याबद्दल मी ज्याला शून्य दिलं, तोच. पेनाएवढं यंत्र घेऊन घरी आला. टोकातून जांभळी ज्योत निघाली ती थेट जखमेवर. "सर, हा थंड प्लाझ्मा. जंतू मरतात, कातडी भाजत नाही. बोट लावून बघा." लावलं. ताई, ज्योत थंड होती. जवळपास वीज पडल्यावर येतो तसला वास खोलीभर भरला, आणि वरद मार्कांबद्दल एक अक्षर बोलला नाही. (हे जास्त झोंबलं.)

पाचव्या खेपेला जखम कोरडी पडली. पण त्याच दिवशी मथुरेने विरजणाच्या वाटीवरून ती ज्योत फिरवून घेतली, म्हणे सोवळ्याहून सोवळं होईल! आईचं विरजण ते. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आजच्या दह्यातलं उद्याला असं अखंड चाललेलं. तेव्हापासून दही लागत नाही. शेजारच्या राजश्रीकडचं विरजण त्याच वाटीत घालून पाहिलं, तरी नाही. वाटीतलं दूध आज नऊ दिवस तसंच आहे. नासत नाही, आंबत नाही, माशी बसत नाही. मुंगी कडेपर्यंत येते आणि वळून जाते. झाकण काढलं की ते दूध आपल्याकडे बघतंय असं वाटतं. मथुरा म्हणते, "सासूबाई आत्ता गेल्या घरातून." धड जेवतही नाही.

तुझा,
दत्तू

ता. क. लग्नानंतर तू सासरी नेलंस ते विरजण त्याच आईचं. चमचाभर घेऊन ये आणि मथुरेच्या नकळत दुधात घाल.

आणखी एक. वर मथुरेचं नाव घातलं ते खोटं. ती देवळात गेली होती. तिला यातलं काही ठाऊक नाही. वरद नको नको म्हणत असता मीच म्हटलं, एवढा खरा असेल तुझा अग्नी, तर चालव या वाटीवर. त्याला आता पस्तीस मार्क दिलेत. (याहून जास्त देववत नाहीत.)

लवकर ये. आज सकाळी माझ्या अंगठ्याशी एक मुंगी आली होती. कडेपर्यंत आली आणि वळून गेली.