पदकांच्या कडेवरचा क्रमांक

प्रति,
माननीय मुख्य अभिलेख अधिकारी,
माजी सैनिक सेवा-अभिलेख कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्र. ७.

अर्जदार : माजी सैनिक क्र. ४४७१९०६ (टेलिफोन तार दुरुस्ती तुकडी) यांची पत्नी

विषय : सेवा-पत्रकातील ‘पुरस्कार’ या रकान्यात राहून गेलेल्या दोन पदकांची नोंद घेणेबाबत, तसेच पदकांच्या कडेवर क्रमांक दिसत नसल्याचा खुलासा सादर करणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपले पत्र जा.क्र. अभि/पदक/३१७, दि. ३ मार्च.

महोदय,

१. माझे वय शहात्तर. वरील माजी सैनिक हे माझे पती. या अर्जात मी त्यांचा उल्लेख ‘हे’ असाच करीन, कारण बावन्न वर्षांत मी यांना दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारलेली नाही. आपणाकडे यांचा क्रमांक आहे, त्यावरून ओळख पटावी.

२. प्रकरण थोडक्यात असे. हे सैन्यात टेलिफोनच्या तुटलेल्या तारा जोडीत. तुकडीत सगळे यांना ‘तारवाला’ म्हणत. सीमेवरच्या लढाईत पुढच्या चौकीकडे जाणारी तार तोफगोळ्यांनी तीन ठिकाणी तुटली. चौकीत एकेचाळीस माणसे होती आणि मागे फिरण्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. हे पोटावर सरपटत गेले आणि तार जोडून आले. तिसऱ्या जोडाच्या वेळी डाव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हा तार दातांनी सोलली. हुकूम पोचला, एकेचाळीसही माणसे परत आली. त्याबद्दल एक शौर्यपदक आणि जखमेबद्दल दुसरे, अशी दोन पदके भर परेडमध्ये यांच्या छातीवर लावण्यात आली. यांतले काहीही यांनी स्वतः मला सांगितलेले नाही. यांचे म्हणणे एवढेच, “तार तुटली होती, जोडली.” बोटांचे कुणी विचारले तर म्हणतात, “मोजायला आठ पुरतात.” बाकीचे मला यांचे स्नेही पहिलवान यांच्याकडून कळले. ते त्या एकेचाळिसांपैकी एक.

३. आपल्या सेवा-पत्रकात मात्र ‘पुरस्कार : निरंक’ असे आहे. हे आम्हांस गेल्या वर्षीच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यापर्यंत ठाऊक नव्हते. मेळाव्याच्या दारात एक तरुण अधिकारी यादी घेऊन उभे होते. त्यांनी यांच्या कोटावरची पदके पाहिली, यादी पाहिली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “काका, यादीत आपलं काही नाही. काढून ठेवता का? वरून ऑर्डर आहे.” यांनी वाद घातला नाही. आठ बोटांनी दोन्ही पदके स्वतःच काढली आणि खिशात टाकली. आतून पहिलवानांनी ते पाहिले आणि गंमत म्हणून मोठ्याने विचारले, “काय रे तारवाल्या, कुठल्या दुकानातून घेतली होतीस?” चारचौघे हसले. हेही हसले. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि जेवण न घेता घरी आले.

४. त्या दिवसापासून आठ महिने झाले, हे घराबाहेर पडलेले नाहीत. रोज यांच्यासोबत बाकावर बसणारे चार म्हातारे दारापर्यंत येऊन गेले, त्यांना “पाय दुखतात” असे सांगितले. पाय दुखत नाहीत. कोट खुंटीवर आहे. त्याच्या छातीवर पिनांची दोन भोके पडलेली आहेत. मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, “तेवढी भोकं रफू करून टाक.” मी ‘हो’ म्हटले नाही आणि केलीही नाहीत. पेन्शन आम्हांस नियमित मिळते. मला हवे आहे ते इतकेच, की या माणसाने खोटा म्हणून डोळे मिटू नयेत. डॉक्टरांनी यांच्या हृदयाबद्दल मला जे सांगितले आहे, त्यावरून वेळ फार नाही.

५. म्हणून यांना न सांगता मी आपल्याकडे अर्ज करू लागले. पहिल्या अर्जाचे उत्तर आले, ‘सेवा-पत्रकात पदकांची नोंद नसल्याने पदकांची नोंद घेता येत नाही.’ हे वाक्य मी तीन वेळा वाचले. नोंद नाही, अर्ज त्यासाठीच होता.

दुसऱ्या उत्तरात आपण तत्कालीन तुकडीप्रमुखांचा दाखला मागितला. ते वारले त्याला एकोणीस वर्षे झाली, असे मी कळविले. त्यावर आपल्या खिडकीवर त्यांचा सध्याचा पत्ता मागण्यात आला. मी श्रद्धाळू बाई आहे, तो पत्ता मला ठाऊक आहे. पण तेथे टपाल जात असल्यास कृपया मार्ग कळवावा, मलाही काही पत्रे पाठवायची आहेत.

मग पहिलवानांनी साक्ष दिली. स्वतःच्या त्या एका वाक्याने हे घरात बसले, असे कळल्यावर ते काठी टेकत आले, आमच्या उंबऱ्यावर बसून रडले आणि प्रतिज्ञापत्र करून दिले : ‘तारवाल्याला तार जोडताना मी पाहिले नाही, मी खाली खंदकात होतो. दोन दिवस मेलेला टेलिफोन वाजला, तो मी ऐकला.’ आपण ही साक्ष ‘ऐकीव’ म्हणून फेटाळली. महोदय, टेलिफोन ऐकण्यापलीकडे त्याचे दुसरे काय करतात, हे मला माहीत नाही.

६. येथे एक उपप्रकरण नमूद करणे भाग आहे. मी रोज सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत मौन पाळते. हे लढाईवर असताना तीन आठवडे पत्र नव्हते. त्या काळी टपाल बाराला येई. ते येईपर्यंत तोंडातून अशुभ शब्द जायला नको, म्हणून मी बोलणेच बंद ठेवले. हे परत आले, नेम राहिला. आपली खिडकी दहा ते बारा उघडी असते. म्हणजे आपली खिडकी उघडी तेव्हा माझे तोंड बंद, आणि माझे तोंड उघडते तेव्हा आपली खिडकी बंद. यात दोष कोणाचाच नाही. मी चिठ्ठ्या लिहून काम चालवीत असे. तेव्हा आपल्या कर्मचाऱ्यांनी मला प्रेमाने खुर्ची दिली, ‘बिचाऱ्या’ म्हणाले, आणि माझ्या फाईलवर ‘अर्जदार मूकबधिर’ असा शिक्का मारला. ही नोंद माझ्या मागणीशिवाय, पुराव्याशिवाय, पाच मिनिटांत झाली. ती रद्द करण्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो असे समजते. ते राहू द्यावे. मात्र न घडलेल्या गोष्टीची नोंद जेथे इतकी लवकर होते, तेथे घडलेल्या गोष्टीचीही होईल, अशी आशा मला त्या दिवशी वाटली.

७. त्याच दिवशी बारा वाजून गेल्यावर, जिन्यात, आपल्या कार्यालयातील एका भल्या माणसाने मला एक गोष्ट सांगितली. त्यांचे वर्णन मी करणार नाही. ते म्हणाले, “आजी, जुन्या सेवा-पत्रकांवर पुरस्कार पाठीमागच्या बाजूला लिहीत. संगणकात घेताना फक्त पुढची बाजू घेतली. सगळ्यांच्याच पाठी राहिल्यात.” मग मूळ पान काढून उलटून का पाहत नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, “गठ्ठे सीलबंद आहेत. मागच्या बाजूला काही आहे अशी नोंद असेल, तरच सील काढता येतं.” आणि घाईने जिना उतरून गेले.

८. आता खुलासा. आपल्या तिसऱ्या पत्रानुसार मी दोन्ही मूळ पदके आपणाकडे जमा केली. शेवटच्या पत्रात आपण कळविता की, पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक कोरलेला असतो, तो या पदकांवर आढळत नाही. एका कडेवर ‘७’ सदृश खूण आहे, परंतु ७ हा आकडा अनेकांच्या क्रमांकात असतो. सबब पदके संशयास्पद समजून ठेवून घेण्यात येत आहेत.

महोदय, क्रमांक होता. तो मी घालवला.

हे पदके घेऊन घरी आले, तेव्हा मी ती एका डबीत घालून देवाजवळ ठेवली. रोज पहाटे देवाची भांडी घासते, त्यांतच तीही घासत गेले. बारीक राख, लिंबाची साल आणि यांच्या जुन्या बनियनचे फडके. काळी पडू नयेत, एवढाच हेतू. आजारपणात चुकले नाही, मुलीच्या लग्नादिवशी चुकले नाही. सुरुवातीला कडेवरचे आकडे बोटाला लागत. चार, चार, सात, एक, नऊ, शून्य, सहा. मी ते मनात म्हणत घाशीत असे. पुढे केव्हा लागेनासे झाले, ते मला कळले नाही, कारण तोंडपाठ झाले होते. एक्कावन्न वर्षे मी दररोज यांचा पुरावा थोडा थोडा पुसत होते आणि ते सेवा म्हणून करीत होते. हे पत्र वाचल्यावर मला माझ्या हातांकडे पाहवले नाही.

९. आणखी एक कबुली. खोटे न बोलण्याचाही माझा नेम आहे. पदके जमा केल्यापासून हे रोज संध्याकाळी विचारीत, “डबी जागेवर आहे ना?” मी म्हणे, “डबी जागेवर आहे.” डबी जागेवर होती. शब्द खरे होते, उत्तर खोटे होते. असे मी सत्त्याण्णव दिवस केले. त्याचे प्रायश्चित्त मी माझ्या परीने घेत आहे. येथे लिहिले ते एवढ्यासाठी, की माझ्या बाकीच्या कथनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आपण सर्व जाणून ठरवावे.

१०. आपले शेवटचे पत्र पोस्टमनने यांच्या हातात दिले. वेळ सकाळी साडेनऊची. यांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही आणि माझे मौन. मी नेम मोडायला तयार होते, तोंडही उघडले. पण पाकिटावर बोट फिरवीत हे म्हणाले, “राहू दे. बारा वाजू देत.” अडीच तास हे पत्र मांडीवर घेऊन बसले. बाराला मी वाचले, एकही शब्द न गाळता. मग अर्ज, रिकामी डबी, राख, सगळे सांगितले. यांनी डबी मागून घेतली आणि आत बोट फिरवले. मग विचारले, “रोज घासायचीस?” मी म्हटले, रोज. तेव्हा हे आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, “तोफगोळ्यांना जमलं नाही, ते तू राखेनं केलंस.” मला रडू आवरेना. यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, “अगं, नव्हतं ते झिजत नाही. एवढं लिही साहेबांना. आणि ते फडकंही जोड.”

११. यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे. सबब विनंती अशी :

माजी सैनिक क्र. ४४७१९०६ यांच्या मूळ सेवा-पत्रकाचे पान गठ्ठ्यातून काढून एकदा उलटून पाहावे. मागे काही नसेल तर मला तसे लेखी कळवावे, मी पुन्हा अर्ज करणार नाही आणि कोटाची भोके रफू करीन. असेल, तर ते पुढच्या बाजूस लिहावे आणि पदके परत करावीत. यापुढे ती मी घासणार नाही. काळी पडली तर पडू देईन.

उत्तर यांच्या नावे पाठवावे. सकाळी आले तरी चालेल. आम्ही बारापर्यंत थांबू.

आपल्या हाती असलेल्या त्या एका पानाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
माजी सैनिक क्र. ४४७१९०६ यांची पत्नी

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. आपल्या चारही पत्रांच्या प्रती.
२. पहिलवान यांचे प्रतिज्ञापत्र (फेटाळलेले), पुन्हा एकदा.
३. पदके घासण्याचे फडके, एक नग. धुतलेले नाही.