खिडकीतला डोंगर

माय, तू गेलीस तेव्हा मी कुठे होतो, काय करत होतो, हे तुला कोण सांगणार? म्हणून मीच बसलोय सांगायला. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. जळगावच्या मिलच्या शेटजींनी मला नवे माग शिकायला जपानला धाडलं. चोपड्याहून निघताना तू दशम्यांचं गाठोडं हातात दिलंस आणि एवढंच म्हणालीस, "भाऊ, बठ्ठं देखीसन ये, मंग माले सांग." शिंदखेड्याचं माहेर आणि चोपड्याचं सासर, याखेरीज तू काही पाहिलं नव्हतंस. नाही म्हणायला एक उनपदेव. पौषात आपण बैलगाडीनं जायचो. दगडी गोमुखातून कढत पाणी पडायचं, मी अंग चोरायचो, आणि तू पदर खोचून माझी मान धरायचीस. "भिऊ नको, मी शे ना आठे." आणि पाठ लाल होईतो चोळायचीस.

तिकडे कारखान्यात वडिलांची, आबांची तार आली. आई वारली, सर्व उरकले, काम पुरे करून ये. एकुलता एक मुलगा मी, आणि तुला अग्नी दिला चुलतभावानं. तारेचा कागद घेऊन मी फाटकापाशी उभा राहिलो. करणार काय? बोट सुटायला अवकाश होता, आणि सुटली तरी पुढे नुसता समुद्र. विमान आपल्यासारख्यांसाठी नव्हतंच. आबांचा राग आला, शेटजींचा आला, त्या तारेचा आला, आणि काढायचा कोणावर? दुभाष्यानं तिथल्या साहेबांना सांगितलं. ते कमरेत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार दारात हजर. दुःखातल्या माणसाला डोंगर-पाणी दाखवावं, अशी त्यांची समजूत. इतक्या मायेनं नेणाऱ्याला नको कसं म्हणायचं, ते मला जमलं नाही.

मोटार घाट चढते आहे. दोन्ही अंगांनी झाडं लालभडक, आपल्या पळसासारखी, फक्त इथे पानंच लाल. ते सरोवर दाखवतात, मी मान डोलावतो. धबधबा दाखवतात, पुन्हा मान डोलावतो. सगळं बघून ये, मग मला सांग, म्हणाली होतीस; आता हे सांगायचं कोणाला, एवढंच डोक्यात. दुपार कलल्यावर ते मला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतात. तशीच वाफ, तसंच अंगाला चटका देणारं पाणी. म्हटलं, चला, सुतकाची अंघोळ तरी होईल. सगळे पुरुष बिनदिक्कत उघडे, मी एकटा पंचा गुंडाळून. डोक्यावरून पाणी घेतलं. आता तुला ओंजळभर पाणी द्यायचं तर तोंड दक्षिणेला हवं, आणि त्या वाफेत दिशा कळेना. दुभाष्याला विचारलं, दक्षिण कुठे? तिथे येणारा प्रत्येक जण एकाच गोष्टीसाठी दिशा विचारत असणार. त्यानं हसून कोपऱ्यातली खिडकी सरकवली. समोर फुजी, ज्याला बघायला सगळे येतात तो डोंगर. मला वाटलं, तीच दक्षिण. मी ओंजळ सोडली.

थोड्या वेळानं सूर्य त्याच डोंगरामागे बुडायला लागला. म्हणजे ती पश्चिम. तुझं पाणी भलतीकडेच गेलं, माय. पुन्हा ओंजळ भरता आली असती, पण मी भरली नाही. साहेब जेवायला खोळंबले होते, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो.

घरी परतलो तर चूल दुसऱ्याच हातात गेलेली. आबांनी विचारलं, माग शिकलास ना? हो म्हटलं. बाकी कोणी काही विचारलं नाही. आता मी तुझ्यापेक्षा म्हातारा झालोय, आणि तुला लिहिलेला हा कागद कुठे टाकायचा ते कळत नाही, उशीखाली राहील. दुसरी ओंजळ न भरण्याची ती जेवणाची गोष्ट मात्र खोटी आहे. त्या खिडकीतून डोंगर बघता बघता तू गेल्याचं मी साफ विसरलो होतो. घरी गेल्यावर तुला हे कसं सांगायचं, त्याची मनात जुळवाजुळव करत होतो.