परवा मात्र धो धो

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज नांदेडच्या दवाखान्यात, माझ्या लॅबच्या खिडकीशी, एका म्हातारीनं रिपोर्ट उलटा धरून विचारलं, "रगत किती भरलं माय?" मी आकडा सांगितला. तिला आकड्याचं काही नव्हतं. "म्हंजी बरं हाय का न्हाई?" तिनं पुन्हा विचारलं, आणि मला एकदम तुम्ही आठवलात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बरं? अहो मावशी, माहूरचा गड पळत चढताल!" मला ते जमत नाही. मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय, एवढं खरं होतं, तेवढं सांगितलं. तेवढ्यावरही ती हसत गेली. माझा डबा मात्र आज तसाच घरी परत आला.

तुमचा धंदाच वाढवून सांगण्याचा. देगलूरच्या बाजारात भोंगा लावलेली रिक्षा, रुमालात गुंडाळलेला माइक, आणि मराठी, तेलुगू, कानडी, दखनी अशा चारही भाषांत तुमचा खणखणीत आवाज. साड्यांचा सेल तीन महिने चालायचा आणि रोजच त्याचा "आज शेवटचा दिवस" असायचा. घरीही तेच. आईचं वरण "निजामाच्या ताटात बी नसंल असं", पत्र्याला भोक पडलं तर "हवा खेळती राहती". कुणी "कसं काय?" म्हटलं की "एक नंबर!" आई म्हणायची, "ह्यांचं बोलणं चाळून घ्यावं लागतंय, ज्वारीवानी." पण तीही तुमच्या बोलण्याला हसतच चूल पेटवायची.

एकदा सुट्टीत मी रिक्षात तुमच्या शेजारी बसले आहे. पाण्याची पाइपलाइन फुटलीय आणि उद्या नळ येणार नाही, एवढंच पुकारायचं काम. तुम्ही नगरपालिकेची चिठ्ठी वाचता, सरळ, एक शब्द न वाढवता, तीनदा. बायका घागरी घेऊन दारात उभ्या, तोंडं उतरलेली. तुम्ही माइक खाली ठेवता, पुन्हा उचलता आणि म्हणता, "परवा मात्र धो धो येणार!" चिठ्ठीत असं काही नव्हतं. परवा करंगळीएवढी धार आली. "कुठंय हो तुमचं धो धो?" बायकांनी गाठलंच तुम्हाला. "निघालंय, वाटंत हाय," तुम्ही म्हणालात, आणि भांडायला आलेल्या त्या बायका हसत परत गेल्या. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

दहावीला मला एकसष्ट टक्के पडले. तुम्ही चहाही न पिता रिक्षा काढलीत. "आपल्या भीमनगरची लेक, तालुक्यात पहिली!" जी खरोखर पहिली आली होती ती माझ्याच बाकावर बसायची. गुणपत्रिका आणायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "तू पहिली आलीस म्हणे?" ती टोमणा मारत नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. घरी येऊन मी तुमच्यावर ओरडले, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बोललं की व्हतंय बाळा. आज हवा, उद्या खरं." त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय बोलायचं सोडलं. लॅबची नोकरी धरली तीही त्याच हट्टानं. पण बारावीला जीव तोडून अभ्यास केला, तो तुमचं बोलणं खोटं पाडायला की खरं करायला, हे मला अजून सांगता येत नाही.

मग तुमच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली, आणि हातात पाटी आली. शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य लिहिलंत, "जयंतीपर्यंत आवाज फुटंल ना?" जयंतीच्या मिरवणुकीचा माइक तुम्ही कधी दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. मी ते मोठ्यानं वाचलं. आई माझ्याकडे नुसती बघत होती. मी म्हणाले, "नाही अण्णा. आता कधीच नाही." तुम्ही खडू ठेवून दिलात. बाहेर आल्यावर आई कडाडली, "हाव म्हणायला तुझ्या बापाचं काय जात व्हतं?" आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकून रडायला लागली. मी म्हणाले, खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. फार ताठ मानेनं म्हणाले.

त्यानंतर सात महिने तुम्ही काहीच वाढवून सांगितलं नाही. लोक भेटायला येत, "कसं काय?" विचारत, आणि तुम्ही तळहात हलवून ठीक म्हणत. वरण नुसतं वरण झालं. पुढच्या तपासणीला चला म्हटलं तर पाटीवर एकच शब्द, "कशाला". आशा असती तर आयुष्य वाढलं असतं, असं मी म्हणत नाही, त्याला माझ्याकडे पुरावा नाही. पण ते सात महिने तरी तुमचे झाले असते.

खरं सांगायचं ते पुढंच आहे. त्या सकाळी डॉक्टर मला म्हणाले होते, "पहिल्यासारखा आवाज येणार नाही. पण शिकवलं, सराव केला, तर काही जण बोलतात. खरखरीत, पण बोलतात. बघू प्रयत्न करून." हे मी तुम्हाला सांगितलं नाही, आईलाही नाही. पाटीवरचा प्रश्न वाचला आणि मला ती रिक्षा दिसली, बाकावरची ती मुलगी दिसली, आणि इतक्या वर्षांचा राग "कधीच" होऊन बाहेर पडला. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारलाही नव्हता. उद्या सांगू म्हटलं, मग परवा, आणि मग माझी जीभ रेटलीच नाही. जन्मात एकदाच मी वाढवून सांगितलं, अण्णा, आणि तेही वाईट.

आई आता माझ्याकडेच असते. तिला वाचता येत नाही, आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवते. मघाशी ती जवळ येऊन बसली. "काय लिवून राहिलीस एवढं?" म्हणाली. मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "दवाखान्याचं काम."